पोटातले पाहुणे

काय दोस्तांनो, डबा खाऊन झाला ना? मग ऐका.

आमच्या चौथीच्या वर्गात एक मुलगी आहे. नाव सांगणार नाही, नाहीतर ती माझ्याशी कट्टीच घेईल! तिचं पोट सारखं दुखायचं, फुगायचं. भूक म्हणून लागत नसे. एकदा मधल्या सुट्टीत तिने दप्तरातून एक इवलीशी बाटली काढली. "बाई, यात जिवंत जंतू आहेत. रोज प्यायले की पोट बरं होतं." झालं! सगळा वर्ग "ईऽऽ, जंतू!" म्हणून ओरडला.

पण सगळेच जंतू काही दुष्ट नसतात. जपानमधल्या क्योतो शहरात मिनोरू शिरोता नावाचे डॉक्टर होते. त्या काळी तिथे हगवणीसारख्या रोगांनी खूप मुलं दगावायची. रोग झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा तो होऊच नये म्हणून काय करावं, याचा त्यांना ध्यास लागला. आता अडचण अशी, की जठरातलं आम्ल भारी जहाल. त्यातून फार थोडे जंतू जिवंत सुटतात. शिरोतांनी १९३० साली असा एक लॅक्टोबॅसिलस निवडून वाढवला, जो त्या आम्लातून तगून आतड्यापर्यंत पोचतो. १९३५ साली त्याने आंबवलेलं दूध विकायला आलं, तेच 'याकुल्ट'. आपल्याकडे मिळणाऱ्या ६५ मिलिलिटरच्या बाटलीत असे ६५० कोटींहून जास्त जंतू असतात म्हणे. मोजायला बसू नका!

"मग बाई, आमच्या ताकाने काय घोडं मारलंय?" मागच्या बाकावरून प्रश्न आला. अगदी बरोबर! दही-ताकातही जंतू असतातच. दुधातली थोडी साखर ते आधीच खाऊन टाकतात, म्हणून ज्यांना दूध पचत नाही त्यांना दही बरेचदा सोसतं. फक्त घरोघरचं विरजण निराळं, त्यामुळे त्यात नेमके कोणते आणि किती जंतू आहेत ते सांगता येत नाही. आणि ताकाची कढी उकळली की बिचारे मरतात. (म्हणून कढी सोडायची नाही हं, मला फार आवडते!)

हे जंतू पोटात कायमचे राहत मात्र नाहीत. पिणं थांबवलं की थोड्या दिवसांत निघून जातात. काहींना त्यांचा उपयोग होतो, काहींना मुळीच होत नाही. त्या बाटलीत साखरही असते, बरं का.

आईबाबांसाठी दोन शब्द. पोट आठवडेच्या आठवडे दुखत असेल, वजन घटत असेल, उलट्या होत असतील, शौचातून रक्त जात असेल किंवा मूल रात्री दुखण्याने जागं होत असेल, तर बाटल्या आणत बसू नका. डॉक्टरांकडे न्या.

आमच्या मुलीला शेवटी नेलं. निघाला साधा बद्धकोष्ठ! सकाळी शाळेची घाई, म्हणून घरी जायचं राहायचं. "मग शाळेत का जात नाहीस?" डॉक्टरांनी विचारलं. ती गप्प. दुसऱ्या दिवशी हळूच माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बाई, तिथल्या दाराला आतून कडीच नाहीये."

मी रोज त्या दारावरून जात होते. त्याच दुपारी कडी बसवून घेतली.