टिक काढली, पण आजार गेला का?

नवी मुंबईत कॅमेरा हातात असलेल्या बहुतेकांच्या हार्ड डिस्कवर एक गुलाबी फोल्डर असतो. थंडी सुरू झाली की नेरुळची टी. एस. चाणक्यची पाणथळ, सीवूड्सचा डीपीएस तलाव अशा ठिकाणी फ्लेमिंगोंच्या मागे पहाटे पहाटे गर्दी होते. बर्स्ट मोडवर एका सकाळीत हजारभर रॉ फोटो सहज जमतात. खरा वैताग घरी आल्यावर सुरू होतो. लाइटरूममध्ये डीनॉइज दाबलं की पट्टी अर्ध्यावर अडकते, फोटोशॉपमध्ये झूम केलं की कॅनव्हास काळा पडतो, नाहीतर ग्राफिक्स प्रोसेसरची तक्रार करणारा मेसेज येतो आणि सगळंच झोपतं.

मग व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोनच सल्ले येतात. एक, ‘प्रेफरन्सेसमध्ये जा, यूज ग्राफिक्स प्रोसेसरची टिक काढ.’ दोन, ‘कार्ड गेलं रे, नवीन घे.’ माझ्या मते हे दोन्ही सल्ले घाईचे आहेत. पहिल्यात वेळ जातो, दुसऱ्यात पैसा. आणि दोन्हींत आजार काय होता ते कळतच नाही.

हे कार्ड नेमकं करतं काय? वाशीचं एपीएमसी मार्केट डोळ्यांसमोर आणा. प्रोसेसर म्हणजे पेढीवरचा हुशार मुनीम. कितीही किचकट हिशेब करेल, पण ट्रक काही तो एकटा रिकामा करू शकत नाही. ग्राफिक्स कार्ड म्हणजे माथाडींची मोठी टोळी. प्रत्येकाचं काम साधं, पण सगळे एकदम हात लावतात. 24 मेगापिक्सेलच्या एका फोटोत 2 कोटी 40 लाख ठिपके असतात आणि प्रत्येकावर तेच गणित करायचं असतं. ते टोळीचंच काम. टोळीला काम सांगणारा मुकादम म्हणजे ड्रायव्हर, आणि माल उतरवायचा गाळा म्हणजे कार्डची स्वतःची मेमरी, व्हीरॅम. आता सांगा, काम अडलं की दोष नेहमी टोळीचाच असतो का? मुकादमाला नवे आदेश कळलेले नसतील, गाळा आधीच भरलेला असेल, किंवा ट्रक चुकून दुसऱ्याच गाळ्यासमोर उभा असेल.

म्हणून टिक काढायला हरकत नाही, पण चाचणी म्हणून. टिक काढा, फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडा, तोच फोटो, तेच काम. अडचण गेली, तर गडबड कार्डच्या किंवा ड्रायव्हरच्या बाजूला आहे. तशीच राहिली, तर कार्ड निर्दोष. मग रॅम पाहा, स्क्रॅच डिस्क भरली आहे का ते पाहा. टिक कायमची काढून ठेवणं म्हणजे तापाची गोळी घेऊन कामावर जाणं. ऑइल पेंट फिल्टर, बर्ड्स आय व्ह्यू अशा गोष्टी कार्डशिवाय चालत नाहीत. आणि डीनॉइजसारखं काम कार्डविना करायचं झालं, एका फोटोला दहा मिनिटं धरली, तर लग्नाच्या दोनशे फोटोंना तेहतीस तास लागतात. क्लायंट तेवढा थांबतो होय?

पुढची पायरी, सॉफ्टवेअर नक्की कोणतं कार्ड वापरतंय ते बघणं. फोटोशॉपच्या हेल्प मेनूत सिस्टिम इन्फो असतं, तिथे कळतं. गेमिंग लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा दोन कार्ड असतात, एक प्रोसेसरमधलंच साधं आणि एक दमदार. विंडोजने साध्याला काम दिलं तर दमदार कार्ड आरामात बसून राहतं. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे जाऊन आपल्या सॉफ्टवेअरसाठी ‘हाय परफॉर्मन्स’ निवडा. चार्जर लावला आहे ना, तेही बघा. बॅटरीवर लॅपटॉप कार्डची ताकद कमी करतो.

मग ड्रायव्हर. तो कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. एनव्हिडियाचे दोन प्रकार असतात, गेम रेडी आणि स्टुडिओ. 2019 साली आलेले स्टुडिओ ड्रायव्हर एडिटिंगवाल्यांसाठीच आहेत. त्रास अपडेटनंतरच सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधून जुन्या ड्रायव्हरवर परत जाता येतं. आणि डीनॉइज लावताना ब्राउझरचे चाळीस टॅब, मागे उघडा राहिलेला गेम बंद करा, गाळा रिकामा होईल.

‘आम्ही फोटोग्राफर आहोत, इंजिनीअर नाही,’ हा युक्तिवाद मला माहीत आहे. त्यात तथ्यही आहे. दरमहा पैसे घेणाऱ्या कंपन्यांनी ‘काहीतरी चुकलं’पेक्षा स्पष्ट मेसेज द्यायलाच हवा. पण डार्करूमच्या काळातला फोटोग्राफर केमिस्ट नव्हता, तरी डेव्हलपर 20 अंशांवर ठेवायचा हे त्याला ठाऊक होतं. आपली डार्करूम म्हणजे हा लॅपटॉप. फोटोग्राफीच्या क्लासमध्ये स्लायडर शिकवतात, मशीनबद्दल मात्र एक तासही नसतो. फुकटचं डार्कटेबल घेतलं तरी सुटका नाही, वेगासाठी तेही ओपनसीएलमार्फत त्याच कार्डवर, त्याच ड्रायव्हरवर अवलंबून असतं.

कधीकधी कार्ड खरंच जुनं झालेलं असतं. तेव्हा जरूर घ्या, पण पुराव्यानिशी. लॅपटॉपमधलं कार्ड बहुतेक वेळा बोर्डलाच जोडलेलं असतं, म्हणजे ‘नवीन कार्ड घे’चा अर्थ नवा लॅपटॉप आणि नवा ईएमआय. पहिल्या-दुसऱ्या ऑर्डरवर उभ्या असलेल्या पोराला तो झेपत नाही.

तेव्हा लॅमिंग्टन रोड गाठण्याआधी एक अर्धा तास द्या. काय करताना अडलं, कधीपासून, काय बदलल्यावर फरक पडला, हे एका कागदावर लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला. दुकानात जायची वेळ आलीच तर तो कागद सोबत न्या. मग समोरचा ‘कार्ड गेलंय’ म्हणाला, तर ‘कशावरून?’ एवढं तरी तुम्हाला विचारता येईल.