छप्पर आणि परवाना

१९१७ साली बडोद्यात जात कळताच बाबासाहेबांना पारशी धर्मशाळेतून बाहेर काढण्यात आले; विद्वत्ता होती, छप्पर नव्हते. गार्चिंगच्या तंत्रविद्यापीठात येणारा आमचा विद्यार्थीही प्रथम खोलीच शोधतो. इंग्लंडमध्ये एकाहून अधिक कुटुंबांतील पाच वा अधिक जणांच्या सामायिक घरासाठी परवाना सक्तीचा आहे. जर्मनीत असा सर्वसाधारण परवाना नाही. मात्र अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापुरती मर्यादित असून, पत्त्याच्या नोंदणीसाठी दाखला देणे मालकावर बंधनकारक आहे. २००६ चा समान वागणूक कायदा वांशिक भेदभावास प्रतिबंध करतो; 'जात' हा शब्द त्यात नाही. म्हणूनच ज्या बांधवांच्या हाती आज किल्ली आहे, त्यांनी आडनाव न विचारता दार उघडावे, हेच आमचे आवाहन.