गुण कोणी द्यायचे?

राज्य सरकारने जानेवारी 2025 मध्ये कार्यालयीन सुधारणांची 100 दिवसांची मोहीम घेतली. तिच्या सात कलमांत कार्यालयाचे संकेतस्थळ होते आणि मूल्यमापन क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाकडे सोपवले होते. संकेतस्थळालाही गुण मिळू लागले, हे फार चांगले झाले. मात्र ते गुण कशाला द्यायचे, यावर बोलायला हवे.

राहाता तालुक्याचेच पाहा. शिर्डीला यायचे ठरले की हैदराबादचा भाविक साईसंस्थानच्या संकेतस्थळावर घरबसल्या दर्शनपास काढतो, मुक्कामाची खोली ठरवतो. मग पुणतांब्याच्या शेतकऱ्याने साध्या चौकशीसाठी दिवस मोडून तालुक्याला का यावे? त्याला काय हवे असते? अर्जाला कोणती कागदपत्रे लागतात, फी किती, काम किती दिवसांत होणार आणि झाले नाही तर अपील कोणाकडे. लोकसेवा हक्क अधिनियम 2015 नुसार हे सगळे जाहीर करणे बंधनकारकच आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 मध्येही 17 बाबी आपणहून प्रसिद्ध करायला आणि दरवर्षी अद्ययावत ठेवायला सांगितले आहे.

प्रत्यक्षात अनेक सरकारी संकेतस्थळांवर पहिल्या पानावर मान्यवरांचे फोटो असतात. नोटीस उघडावी, तर सही-शिक्क्याचा कागद आडवा स्कॅन केलेला. फोनवर मोठा केला की अक्षरे फुटतात. गावाचे नाव शोधले तर सापडत नाही, कारण तो मजकूर नसतो, नुसते चित्र असते. दृष्टिहीन माणसाचा फोन ते वाचूनही दाखवू शकत नाही. हीच नोटीस युनिकोड मराठीत टंकलेली असती तर या अडचणी आल्याच नसत्या. त्यासाठी वेगळा पैसाही लागत नाही, लागते ती संबंधित लिपिकाला दिलेली स्पष्ट सूचना. बदली होऊन गेलेल्या अधिकाऱ्याचे नाव आणि लागत नसलेला दूरध्वनी क्रमांक यांची गोष्टही तीच.

म्हणून तपासणी कार्यालयातल्या संगणकावर नको. गावातल्या माणसाच्या साध्या फोनवर, त्याच्याच हातून व्हावी. त्याला एक काम द्यावे: दाखल्याची कागदपत्रे शोधा, अर्ज भरा, अपिलीय अधिकाऱ्याला फोन लावा. जिथे तो अडेल तिथे गुण कापावेत, आणि कुठे अडला ते त्याच संकेतस्थळावर, दुरुस्तीच्या तारखेसह लिहावे.