बैलाचे दात, जीपचे दात

बैल घेताना शेतकरी विकणाऱ्याच्या गोड बोलण्यावर जात नाही, तोंड उघडून दात बघतो. जुनी जीप घेणाऱ्यांनीही तेच करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपच्या डिफरन्शियलमध्ये पिनियनला ८ आणि क्राउनला ३९ दात, म्हणजे प्रमाण ४.८८. युद्धानंतरच्या नागरी सीजे-२ए मध्ये ८ आणि ४३, म्हणजे ५.३८. गिअरबॉक्सही टी-८४ जाऊन टी-९० आला. बाहेरून मात्र दोघी सख्ख्या बहिणी! त्यामुळे एकीचे भाग दुसरीला सहज बसवले जातात. त्यात गैर काही नाही, गाडी चालली पाहिजे. पण पुढे एक प्रमाण नि मागे दुसरे असेल आणि कोणी डांबरी रस्त्यावर फोर-व्हील टाकली, तर दोन्ही अ‍ॅक्सल एकमेकांशी भांडतात आणि दात तुटतात.

ओळखणे सोपे आहे. हँडब्रेक सोडा. या जीपमध्ये तो शाफ्टच अडवतो, म्हणून जमिनीवरच्या चाकांना आधी दगड लावा. गिअर न्यूट्रल, फोर-व्हील बंद. एकच चाक उचलून बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजा. पाचाला थोडे कमी भरले तर ४.८८, सव्वापाचाच्या वर गेले तर ५.३८. पुढच्या अ‍ॅक्सलचेही असेच मोजा.

उत्तर काहीही येवो, वहीत लिहून ठेवा आणि गाडी विकताना ती वही सोबत द्या. ‘एकदम ओरिजिनल’ या दोन शब्दांपेक्षा पुढच्या माणसाला तिचाच उपयोग जास्त.