सोबत हीदेखील शुश्रूषाच

वाढदिवस, पुण्यतिथी, पितृपक्ष किंवा 1 ऑक्टोबरचा ज्येष्ठ नागरिक दिन आला की वृद्धाश्रमांकडे गाड्या वळतात. फळे वाटली जातात, गोडाचे जेवण होते, फोटो निघतात. देणाऱ्यांची भावना खरी असते. मात्र पाहुणे गेल्यानंतरचा लांबलचक दिवस कोणाच्याच हिशेबात नसतो. जेवण आणि रक्तदाबाची गोळी वेळेवर मिळावी, हे कोणाचे तरी काम असते; बोलायला माणूस मिळावा, हे कोणाचेच नसते. ते कोणाचे तरी ठरले पाहिजे.

म्हातारपणीचे नैराश्य स्वतःचे नाव सांगत येत नाही. ‘झोप लागत नाही’, ‘तोंडाला चव नाही’, ‘कशात जीव रमत नाही’, ‘देवाने आता न्यावे’ असे ते बोलते, आणि ऐकणारे ‘वय झाले’ म्हणून मोकळे होतात. केंद्र सरकारच्या 2017-18 च्या वृद्धत्वविषयक ‘लासी’ पाहणीत साठी ओलांडलेल्यांपैकी 8.3 टक्के, म्हणजे साधारण बारांमागे एक जण, तीव्र नैराश्याची लक्षणे असलेला आढळला. डॉक्टरांनी तसे निदान केल्याचे सांगणारे जेमतेम त्याच्या दहाव्या हिश्शाइतके होते. हा आजार उपचाराने आटोक्यात येतो, म्हणून हे दुर्लक्ष अधिक क्लेशदायक आहे.

सोलापुरात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. गिरण्या बंद पडल्या, यंत्रमागांचे काम घटले, शिकलेली मुले पुण्याला गेली. मागे राहिलेल्या पिढीत मराठीइतक्याच सहजतेने तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारे आहेत. विडी वळण्यात किंवा मागावर आयुष्य घालवलेल्या तेलुगू आजीला वृद्धाश्रमात तिच्या बोलीत ‘जेवलीस का’ विचारणारे कोणी नसेल, तर चाळीस माणसांतही ती एकटीच. नैराश्य तपासण्याची पंधरा प्रश्नांची सोपी प्रश्नावली डॉक्टर वर्षानुवर्षे वापरत आले आहेत. ती या शहरात चारही भाषांत विचारली गेली पाहिजे. आपल्या वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागाने आणि समाजकार्याच्या विद्यार्थ्यांनी हे काम हाती घ्यावे.

सोबतीने काय घडते, याचे उदाहरण दूर शोधायला नको. कोल्हापूर जिल्ह्यातील घोसरवाडच्या वृद्धाश्रमात 2023 च्या फेब्रुवारीत सत्तरी गाठलेल्या एका आजींनी पंचाहत्तरीच्या आजोबांशी लग्न केले. दोघांचेही जोडीदार आधीच गेलेले. आश्रमातच ओळख झाली, सुखदुःख बोलता बोलता जीव जडला आणि आश्रमानेच पुढाकार घेऊन अक्षता टाकल्या. बातमी कौतुकाने वाचली गेली. पण अशी मैत्री जुळू लागली की ‘या वयात हे शोभते का’ म्हणणारी मुले आणि नियमावर बोट ठेवणारे व्यवस्थापक आजही कमी नाहीत. दोन प्रौढ माणसांनी कोणाशेजारी बसून चहा घ्यावा, हे ठरवण्याचा हक्क त्यांचाच आहे.

हक्काचा हा मुद्दा फार मोलाचा आहे. अमेरिकेत एलन लँगर आणि जुडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी एका शुश्रूषागृहात केलेला साधा प्रयोग 1976 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काही वृद्धांना रोपटे देऊन त्याची निगा त्यांच्याकडेच सोपवली, दिवस कसा घालवायचा हेही त्यांनाच ठरवू दिले. ज्यांचे सारे काही कर्मचारीच करत होते, त्यांच्यापेक्षा हे वृद्ध अधिक आनंदी आणि तरतरीत दिसले. प्रयोग लहान होता, पण त्यातली गोष्ट आपल्या घरांनाही ठाऊक आहे. भाजी निवडणारी, नातवाला गोष्ट सांगणारी आजी खचत नाही. आपण मात्र ‘तुम्ही फक्त आराम करा’ म्हणत तिच्या हातातले काम काढून घेतो आणि त्यालाच सेवा समजतो.

मुलांना दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. नोकरी, जागा, आजारपण यांत अनेकांची खरोखर कोंडी होते. आई-वडिलांना टाकून देणाऱ्यांसाठी 2007 चा कायदा आहे, निर्वाहभत्त्यासाठी न्यायाधिकरण आहे. त्याच कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार ज्येष्ठांची सोय असलेल्या वृद्धाश्रमाची कल्पना मांडली आहे. परंतु भत्ता बँकेत जमा होतो, खाटेशेजारी येऊन बसत नाही. म्हणून वृद्धाश्रमांची तपासणी करताना अधिकाऱ्यांनी स्वयंपाकघर आणि स्वच्छतागृह पाहावे, तसेच शेवटची मानसिक तपासणी कधी झाली, कोणाला किती दिवसांत कोणी भेटले नाही, हेही विचारावे. अनुदान देताना या नोंदी मागाव्यात.

नवी पेठेतील व्यापाऱ्यांना, महाविद्यालयांना, गणेश मंडळांना आमची विनंती आहे. वर्षातून एकदा पन्नास जणांनी जाण्यापेक्षा एकाच माणसाने दर आठवड्याला ठरलेल्या वारी, ठरलेल्या आजोबांकडे तासभर जावे. जमणार नसेल तर आधीच सांगावे, वाट पाहायला लावू नये. आणि आपल्या ओळखीचे कोणी ज्येष्ठ खात नसतील, बोलत नसतील, जगण्याला कंटाळल्याचे म्हणत असतील, तर ते हसण्यावारी नेऊ नका. ज्येष्ठांसाठीची 14567 आणि मानसिक आरोग्यासाठीची 14416 या दोन्ही सरकारी दूरध्वनी सेवा विनामूल्य आहेत. आजच फोन करा.