परदेशी कार्डाला तिकीट किती?

मार्केट यार्डातल्या एका आजींचं पत्र आलंय. नात यंदा परदेशी गेली. तिच्या वाढदिवसाला आजींनी 50 पैशांच्या पोस्टकार्डावर चार ओळी लिहून ते पेटीत टाकलं. काही दिवसांनी कार्ड घरी परत! नातीला वाटलं, आजी विसरली.

आजी, कार्डावर छापलेलं तिकीट देशातल्या देशातच चालतं. परदेशी कार्डाचा दर वेगळा असतो, आणि तो बदलतो. म्हणून मागच्या वेळच्या आठवणीवर विसंबू नका, पोस्टाच्या खिडकीवर विचारूनच तिकिटं घ्या. कमी पडली तर कार्ड परत येतं, नाहीतर त्यावर ‘टी’चा शिक्का बसून उरलेले पैसे नातीकडे मागितले जातात.

बारीक किमतीची आठ-दहा तिकिटं चिकटवू नका, मजकुराला जागा उरत नाही. मोठ्या किमतीची एक-दोन पुरतात. नात तिकिटं जमवत असेल तर पुण्याच्या मुख्य टपाल कचेरीतल्या फिलाटेली विभागातून खास प्रसंगांची तिकिटं आणा.

वर ‘एअर मेल’ लिहा. पत्ता इंग्रजीत, शेवटच्या ओळीत देशाचं नाव मोठ्या अक्षरांत. कोपऱ्यात आपला पत्ता, पिन 411037 सकट. मजकूर मात्र खुशाल मराठीत!

कार्ड पाकिटात घातलं की ते पत्र होतं आणि वजनावर पैसे पडतात. तरी एकदा तो खर्च कराच. परत आलेलं कार्ड पाकिटात घालून नातीला धाडा. शिक्क्यावरची तारीख वाचली की तिला कळेल, आजी विसरली नव्हती.