सोमवारची सायकल

एखादं शहर राहायला कसं आहे, हे ठरवायचं असेल तर तिथला एक मोठा चौक सायकलवरून ओलांडून बघावा. गेल्या रविवारी मी पुण्यातले एकामागून एक चौक सायकलवरून ओलांडले. कुठेही पाय टेकला नाही आणि कुठेही छातीत धस्स झालं नाही, कारण माझ्या पुढेमागे काहीशे सायकली होत्या.

ही सायकलफेरी शनिवारवाड्यापासून होती. शिवाजी रस्त्याने मंडईवरून स्वारगेट, तिथून टिळक रस्त्याने अलका चौक, लकडी पूल, डेक्कन, मग फर्ग्युसन रस्ता, कृषी महाविद्यालयाचा चौक, संचेतीवरून वळून जंगली महाराज रस्ता आणि शेवट बालगंधर्वला. सगळं मिळून दहा किलोमीटरच्या आतलंच अंतर. सायकलींची जत्राच होती. लाखाच्या पुढच्या रोड बाइक, गिअरच्या सायकली, बास्केट लावलेल्या लेडीज सायकली, मागच्या चाकाला दोन छोटी चाकं लावलेली पोरं आणि त्यांच्या शेजारून धावत निघालेले बाबा. हेल्मेट, हातमोजे, पाण्याच्या बाटल्या. निघण्याआधी मार्शलनी सूचना दिल्या. डावीकडे राहा, पुढच्याच्या चाकाला चाक लावू नका, थांबायच्या आधी हात वर करा, खड्डा दिसला तर हात खाली दाखवून ओरडा. ही शेवटची सूचना सगळ्यात जास्त पाळली गेली. मंडईपर्यंत पोचायच्या आत ‘खड्डाऽऽ’ हा पुकारा पुढून उठून मागे मागे जात होता आणि शंभरदा पाठ केल्यासारखी अख्खी रांग एका लयीत उजवीकडे सरकून पुन्हा डावीकडे येत होती.

टिळक रस्त्यावर मला पहिल्यांदा आवाज ऐकू आला. एरवी या रस्त्यावर हॉर्न सोडून काही कानावर येत नाही. पॅडल मारणं थांबवलं की चाकातून जी टिकटिक येते ती, कुणाची तरी तेल न घातलेली चेन, मागे गप्पा मारणाऱ्या दोन बायका, झाडावरचे कावळे. इतक्या लोकांच्या घोळक्यात असूनही शेजारच्याशी साध्या आवाजात बोलता येत होतं. वाहन म्हणून सायकलचा हा गुण कुठल्याही आकड्यात मोजला जात नाही, आणि मला तो फार मोठा वाटतो.

अशा फेरीचं सगळं कसब चौकात असतं. रांग पोचायच्या आधी दोन-तीन मार्शल पुढे जातात आणि आडव्या रस्त्याच्या तोंडाशी सायकल आडवी लावून उभे राहतात. मधेच सिग्नल लाल झाला तरी रांग तोडत नाहीत, कारण ती तुटली की मागे राहिलेले, बहुतेक वेळा पोरं आणि म्हातारी माणसं, गाड्यांच्या मधे एकटी सापडतात. शेवटचा माणूस गेला की मार्शल थांबलेल्यांना हात जोडतात, सायकलवर टांग टाकतात आणि पुढच्या चौकासाठी सुसाट सुटतात. आमच्याबरोबर वाहतूक पोलीसही होते. स्वारगेटला एक रिक्षावाला सवारी घेऊन स्टेशनला निघाला होता, गाडीची वेळ झाली होती. मार्शलनी रांगेचा वेग कमी करून त्याला मधून काढून दिलं. हे योग्यच झालं. रस्ता सगळ्यांचा, हे सांगायला निघालेल्यांनी दुसऱ्याची गाडी चुकवू नये.

जगात अशा फेऱ्यांची मोठी परंपरा आहे. सॅन फ्रान्सिस्कोत 1992 च्या सप्टेंबरात काही सायकलस्वार संध्याकाळच्या ऐन गर्दीत एकत्र घरी निघाले आणि महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी निघायचंच असं त्यांनी ठरवून टाकलं. ‘क्रिटिकल मास’ या नावाने ती फेरी पुढे जगभरातल्या शेकडो शहरांत पोचली. त्या नावामागे चीनमधलं एक निरीक्षण होतं. सिग्नल नसलेल्या चौकात तिथले सायकलवाले कडेला जमत राहायचे आणि पुरेसे जमले की एकदम निघायचे, मग मोटारींना थांबावंच लागायचं. कोलंबियाच्या बोगोटा शहराने 1974 पासून वेगळी वाट धरली. तिथे दर रविवारी आणि सुटीच्या दिवशी सकाळी सात ते दुपारी दोन शंभर किलोमीटरहून जास्त लांबीचे रस्ते मोटारींना बंद असतात. तिथे सायकलवाल्यांना घोळका करून चौक अडवावा लागत नाही, ते काम महापालिकाच करते.

घोळक्यात सुरक्षित वाटतं ही निव्वळ भावना नव्हे. पीटर जेकबसन या अमेरिकन अभ्यासकाने 2003 मध्ये वेगवेगळ्या शहरांचे आणि देशांचे आकडे तपासून दाखवलं की रस्त्यावर सायकली दुप्पट झाल्या तर अपघात दुप्पट होत नाहीत, साधारण एक तृतीयांशाने वाढतात. म्हणजे एकेकट्या सायकलस्वाराचा धोका कमी होतो. त्यांच्या मते कारण सरळ आहे. मोटार चालवणाऱ्याला सायकल दिसायची सवय होते, आणि सवय झाली की तो जपून चालवतो. मुळात रस्ते सुरक्षित असतात म्हणून तिथे सायकली जास्त असतात, असंही काही जण म्हणतात आणि त्यातही तथ्य आहे. पण पुण्याचा अनुभव विचाराल तर दोन्ही गोष्टी एकदमच हातातून गेल्या. सायकली कमी झाल्या, आणि उरलेल्या सायकली कुणाला दिसेनाशा झाल्या.

पुणे एकेकाळी सायकलींचं शहर होतं, हे आता सगळे जण सभेत भाषण ठोकताना सांगतात. ते कसं होतं हे पाहिलेली पिढी अजून आहे. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली की रस्ताभर सायकली आणि सायकलीच दिसत. सायकलवर कर होता, तो भरल्याचा पत्र्याचा बिल्ला लावावा लागे. रात्री दिवा नसला किंवा कुणी डबलसीट असलं की पोलीस थांबवत. म्हणजे सायकल हे कायद्याच्या लेखी पुरतं वाहन होतं, त्याची दखल घेतली जात होती. आमच्या शाळेच्या स्टँडवर मुलींच्या सायकली इतक्या दाटीने लावलेल्या असत की एक पडली की ओळीने दहा पडत. कुठे जायचं असलं तर मुलीला घरच्यांना ‘सोडायला चला’ म्हणावं लागत नव्हतं. पुण्यातल्या मुलींना या शहराने जे स्वातंत्र्य दिलं त्यात सायकलचा वाटा फार मोठा आहे. मग 1972 साली लूना आली, आकुर्डीहून बजाजच्या स्कूटर येतच होत्या. पुण्याची सायकल पुण्याच्याच कंपन्यांनी मागे टाकली. त्यात कुणाचा गुन्हा नाही. दिवसभर राबलेल्या माणसाला चढावर पाय न मारता घरी जायचं होतं, आणि शहरही पसरत चाललं होतं. चुकलं ते पुढे. रस्ते रुंद करताना सायकलवाला अजून रस्त्यावर आहे, हे आपण विसरलो.

तो आहे. रविवारी तो मला फर्ग्युसन रस्त्यावर भेटला. एका वळणावर आमच्या घोळक्यात एक गृहस्थ आपोआप ओढले गेले. अंगावर सुरक्षा रक्षकाचा निळा शर्ट, पायात चपला, डोक्यावर काही नाही. काळी जुनी सायकल, कॅरिअरवर जेवणाचा डबा, तो सायकलच्याच जुन्या ट्यूबच्या पट्टीने करकचून बांधलेला. हँडलला पिशवी. आमच्या टी-शर्टांच्या गर्दीत ते जरा बावरले, मग आपल्या वेगाने शेजारून येत राहिले. दादा, कुठे निघालात, म्हणून विचारलं. रात्रपाळी संपवून घरी, ताडीवाला रस्त्याला, असं म्हणाले. संचेतीच्या चौकात मार्शलनी चारी बाजू धरून ठेवल्या होत्या. तिथून आम्ही उजवीकडे वळणार होतो, ते सरळ संगम पुलाकडे जाणार होते. चौकाच्या मधोमध ते माझ्याकडे वळून म्हणाले, “रोज इथं उतरतो मी, ताई. सायकल हातात धरून चालत नेतो पलीकडं. आज बसूनच आलो.”

आणि गेले. ओळख ना पाळख, पण फेरीत त्या दिवशी ऐकलेल्या सगळ्या घोषणांपेक्षा हे वाक्य मोलाचं आहे. आम्ही हौसेने सकाळी उठलो होतो. त्यांना ना पेट्रोल परवडतं ना रिक्षा, आणि रात्रपाळी सुटते त्या वेळेला घराकडची बस मिळेलच असं नाही. पुण्यात आज सायकलवर कोण आहे याचं उत्तर आमच्या फेरीत सापडणार नाही. पेपर टाकणारी मुलं, इस्त्रीच्या कपड्यांचं गाठोडं कॅरिअरला बांधून फिरणारे, बांधकामावर जाणारे, वॉचमन, सोसायट्यांच्या गाड्या धुणारे. ही माणसं आमच्या पत्रकावर नव्हती, त्यांना कुणी बोलावलंही नव्हतं. रविवारी सकाळी सात वाजता त्यांतले बरेच जण कामावर असतात.

सोमवारी मी मुद्दाम त्याच चौकात जाऊन उभी राहिले. सायकलवाले येत होते, एकेकटे. बहुतेक जण अगदी कडेला चिकटून, जिथे खडी, पाणी आणि गटाराची झाकणं असतात तिथून. सरळ जायचं असलं तरी त्यांना जाता येत नव्हतं, कारण डावीकडे वळणाऱ्या गाड्या त्यांच्या पुढून सर्रकन आत घुसत होत्या. एक पोरगा बसच्या आणि रिक्षाच्या फटीत अडकला, पाय टेकवून उभा राहिला, बस गेल्यावर निघाला. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, रोजचंच असल्यासारखं होतं. मला ते बघवलं नाही.

उपाय कुणाला माहीत नाहीत अशातला भाग नाही. पुणे महापालिकेने 2017 च्या डिसेंबरात शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. तो चांगला आहे, अभ्यास करून केलेला आहे. जंगली महाराज रस्त्याचा पदपथ रुंद झाला, तिथे सायकलला जागा दिली गेली. त्याआधी बसच्या वेगळ्या मार्गिका, म्हणजे बीआरटी, केल्या त्या वेळी सातारा रस्त्याला सायकलचे मार्ग झाले होते. पण मार्ग करताना आपण नेहमी सरळ, सोपा तुकडा करतो आणि चौक आला की मार्ग संपवतो. जिथे माणूस मरू शकतो नेमका तिथे त्याला सोडून देतो. मधल्या तुकड्यात विजेची पेटी, दुकानाच्या पायऱ्या आणि ओळीने लावलेल्या दुचाक्या. अशा मार्गावर कुणी सायकल चालवत नाही, मग ‘बघा, वापरतच नाहीत’ असं म्हणून पुढचा मार्ग रद्द होतो. नेदरलँड्समध्येही मोटारींनी सायकल अशीच रेटली होती. तिथे 1971 या एका वर्षात रस्त्यावर सुमारे 3,300 माणसं मेली, त्यात 400 हून अधिक मुलं होती. आईबाप मुलांना घेऊन रस्त्यावर बसले, तेव्हा कुठे सरकारने रस्ते बदलले.

म्हणून फेऱ्या काढणाऱ्या सगळ्या मंडळींना माझी विनंती आहे. फेरी काढाच, मी येईन. पण एखादी फेरी सोमवारी सकाळी काढा, पाळी सुटायच्या वेळी, आणि हडपसर, भोसरी, वाकडेवाडी अशा ठिकाणी जिथे सायकल पोटासाठी चालते तिथून काढा. महापालिकेकडे शंभर किलोमीटर मागू नका. एक चौक मागा, पूर्ण, सगळ्या बाजूंनी, सायकलला वेगळा सिग्नल आणि वळणाऱ्या गाड्यांना अडवणारा कठडा असलेला. तो झाला की दुसरा मागा.

आणि तुम्ही, जे हे रविवारी चहाबरोबर वाचता आहात आणि उद्या सकाळी गाडीवरून कामाला जाणार आहात. चौकात डावीकडे वळण्याआधी आरशात आणि खांद्यावरून एकदा बघा. तिथे सायकलवाला असेल तर त्याला आधी सरळ जाऊ द्या.